फुगलेल्या ग्रहांची वीज

प्रिय निखिल,

तारा इतका जवळ असेल तर ग्रह तापून फुगणारच, त्यात नवल काय, असं तू लिहिलंस. नवल आहे रे, म्हणूनच लगेच उत्तर लिहायला बसलो.

एचडी 209458 बी घे. ताऱ्यासमोरून सरकताना दिसलेला हा पहिला बाह्यग्रह, म्हणजे सूर्याखेरीज दुसऱ्या ताऱ्याचा ग्रह, 1999 सालचा. वस्तुमान गुरूच्या सुमारे 0.7 पट, त्रिज्या मात्र जवळजवळ 1.4 पट. आता, ताऱ्याची उष्णता वरच्या थरांतच शोषली जाते आणि तिथूनच अवकाशात परत जाते. ग्रह फुगलेला राहायचा तर ती खोल आत पोचायला हवी. औष्णिक वहनाच्या आवाक्यातलं हे काम नाही. त्या हवेत उष्णता इकडून तिकडे नेतात ते वारे आणि प्रारण.

2010 मध्ये बाटिगिन आणि स्टीव्हन्सन या शास्त्रज्ञांनी विजेची वाट सुचवली, आणि मला तीच सगळ्यात पटते. वीज वाहायची तर हवेत सुटे इलेक्ट्रॉन हवेत. हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन सोडवायला 13.6 इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. दीड हजार केल्विनला ते जमत नाही. पोटॅशियमचं 4.34 मध्ये भागतं, सोडियमचं 5.14 मध्ये. सूर्यासारख्या मिश्रणात हायड्रोजनच्या कोटीभर अणूंमागे पोटॅशियमचा जेमतेम एखादा अणू, आणि त्यांतलेही थोडेच इलेक्ट्रॉन सोडतात. तरी तेवढ्यावर सगळं चालतं! किती अणू इलेक्ट्रॉन सोडतात ते सांगणाऱ्या मेघनाद साहांच्या 1920 च्या समीकरणात तापमान घातांकात बसलेलं आहे. दाब तोच ठेवून 1200 केल्विनवरून 1800 वर गेलास, तर पोटॅशियममधून सुटणारे इलेक्ट्रॉन हजार पटींहून जास्त वाढतात. हा हिशेब तू स्वतः करून बघच.

असे सुटे इलेक्ट्रॉन असलेले वारे सेकंदाला किलोमीटरच्या वेगाने ग्रहाच्या चुंबकीय क्षेत्रातून धावले की विद्युतप्रवाह तयार होतो. तो खोल थरांतून फिरून येतो आणि हीटरच्या तारेसारखी तिथे रोधामुळे उष्णता निर्माण होते. ताऱ्याकडून आलेल्या ऊर्जेचा एखादा टक्का जरी तिथे उतरला तरी फुगवटा टिकतो.

पण वाहकता फार वाढली की चुंबकीय क्षेत्र वाऱ्यालाच धरून ठेवतं. म्हणजे सर्वांत तापलेल्या ग्रहांत ही युक्ती उलट कमी चालायला हवी. 2018 मध्ये थॉर्नग्रेन आणि फोर्टनी यांनी अनेक ग्रहांच्या त्रिज्या तपासल्या, तेव्हा हा टक्का 1500-1600 केल्विनच्या आसपास सर्वाधिक, सुमारे अडीच, आणि पुढे घटत गेलेला दिसला. ते वाचून मी अक्षरशः उठून फेऱ्या मारल्या! काही त्रिमितीय प्रारूपांत उष्णता पुरेशी खोल उतरत नाही, हा आक्षेप आहेच, आणि तो हलका नाही.

केल्ट-9 बीची गोष्ट आणखी वेगळी. त्याच्या दिवसाच्या बाजूला तापमान 4000 केल्विनच्या वर, त्यामुळे तिथे हायड्रोजनचे रेणूच तुटतात. सुटे अणू वाऱ्याबरोबर रात्रीकडे जाऊन पुन्हा जुळतात आणि तोडायला लागलेली ऊर्जा तिथे सोडतात. या ग्रहावर साहा समीकरण लावलंस तर पोटॅशियम जवळपास सगळंच आयनित, म्हणजे इलेक्ट्रॉन सुटलेलं, निघेल. मग इलेक्ट्रॉन आणखी कुठल्या धातूंतून येतात, ते तू शोध आणि मला कळव.

तुझा,
अनिरुद्ध