यंदा वर्गणीबरोबर तुमची विद्याही गावाला हवी आहे

गावच्या सर्व चाकरमानी बंधू-भगिनींना ग्रामस्थ मंडळाचा सप्रेम नमस्कार.

शाळेच्या पडवीतला देणगीदारांचा दगड तुम्ही लहानपणापासून वाचत आलात. त्यावर बहुतेक नावं गिरणी कामगारांची. पुढे आकडे पाच रुपये, अकरा रुपये. परळच्या गाळ्यात दाटीवाटीने राहून त्यांनी ही शाळा उभी केली. 1982 च्या संपानंतर त्या मनीऑर्डरी आटल्या. पण त्याच शाळेत शिकलेली मुलं आज दुबईला, दोह्याला, लंडनला आहेत, कुणी बोटीवर आहेत. देऊळ आणि स्मशानशेड तुमच्याच पैशातून झाली.

आता प्रश्न पाण्याचा आहे. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तरी जांभ्या दगडातून तो झिरपून जातो आणि उरलेला पऱ्यातून, म्हणजे ओढ्यातून, समुद्राला मिळतो. गेल्या मे महिन्यात वरच्या वाडीत रात्री दोन वाजता एक सून विहिरीत उतरून वाटीवाटीने कळशी भरत होती. काठावर सासू बॅटरी धरून उभी होती. हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे.

पऱ्यावर पक्का बंधारा घालायचा आहे. जागा कुठली धरावी, पाया किती खोल घ्यावा, खालच्या विहिरींना पाझर पोचेल का, हे सांगणारं माणूस गावात नाही. तुमच्यात मात्र बांधकामातले, पाण्याच्या कामातले इंजिनिअर आहेत. त्यांनी गणपतीला येताना दोन दिवस जादा काढावेत. तेव्हा पऱ्या भरून वाहतो, प्रवाह मोजता येतो. हिशेबातल्या मंडळींनी आमचं अंदाजपत्रक तपासावं. बाकीच्यांनी दहावी-बारावीच्या मुलांसाठी रविवारचा एक तास फोनवर द्यावा. कुठला कोर्स घ्यावा, हे त्यांना विचारायला कुणी नाही.

वर्गणीबद्दल एक महत्त्वाचं. भारतीय पासपोर्ट असलेल्यांनी परदेशातून स्वतःच्या बचतीतले पैसे बँकेमार्फतच पाठवावेत. ज्यांनी तिकडचं नागरिकत्व घेतलं आहे, त्यांच्याकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड) असलं तरी कायद्याने ती विदेशी देणगी ठरते. ती घेण्याची नोंदणी मंडळाकडे नाही. त्यांनी कृपया पैसे पाठवू नयेत, वेळ द्यावा. तुम्ही आम्हाला तितकेच जवळचे आहात.

कोण कधी येणार, ते मंडळाच्या सचिवांना आषाढ संपायच्या आत कळवा. पऱ्याचे फोटो आणि सातबारा आम्ही तयार ठेवतो.

आपले,
ग्रामस्थ मंडळ, ग्रामीण शाखा