आधी एसी पाहा, मग ऑर्गन काढा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

दक्षिण मुंबईतील एका चर्चच्या छोट्या चॅपेलमधील नळ्यांचा ऑर्गन ‘जुना झाला, पावसाळ्यात दगा देतो’ म्हणून काढावा आणि त्या जागी इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड ठेवावा, असा विचार चालू असल्याचे नुकतेच समजले. मी ख्रिस्ती नाही. गिरगावात चाळीस वर्षे बाजाच्या पेट्या दुरुस्त करीत आलो आहे. गेल्या ऑगस्टमध्ये तेथील वादकांनी हे वाद्य मला उघडून दाखवले होते, एवढ्याच अधिकाराने लिहीत आहे.

संगीत नाटकांमुळे आपल्याकडे ऑर्गन म्हटले की पायपेटीच डोळ्यांपुढे येते. पायपेटीत पितळी सूर वाजतात, या ऑर्गनमध्ये मात्र बासरीच्या जातीच्या नळ्या आहेत: तीन ओळी, प्रत्येकीत ५४, म्हणजे एकूण १६२. सर्वांत मोठी लाकडी नळी जेमतेम ४ फुटांची आहे, पण तिचे वरचे तोंड गुटका ठोकून बंद केलेले असल्यामुळे ती ८ फुटी उघड्या नळीइतका खर्ज देते. वीज लागते ती फक्त भात्यात हवा भरणाऱ्या पंख्याला. बाकी सगळे काम बोटाचे. पट्टी दाबली की कामटीसारख्या पातळ लाकडी पट्ट्यांमार्फत हवापेटीतील चामडे लावलेली झडप उघडते आणि ती उघडताना होणारा किंचित विरोध वादकाला बोटाखाली जाणवतो.

त्या दिवशी गीत संपले, वादकांनी हात उचलले, तरी मधल्या सप्तकातील एक सूर वाजतच राहिला. आत पाहिले तर झडप शाबूत होती, भाताही शाबूत होता. पट्टी ज्या पिनेवर सरकते, तिथली खाच दमट हवेने फुगून पट्टी अडकली होती, कारण लाकूड लांबीत फारसे वाढत नाही, रुंदीत वाढते. पॉलिशपेपरने खाच केसभर मोकळी केली आणि सूर थांबला. दुरुस्ती इतकीच होती.

खरी अडचण भिंतीवर आहे. आठवडाभर चॅपेल बंद आणि दमट राहते, रविवारी दोन तास एसी चालतो आणि त्याचा झोत थेट ऑर्गनवर येतो. लाकडाला ओलावा सोसतो, कोरडेपणाही सोसतो. ही दर आठवड्याची ओढाताण मात्र सोसत नाही. शिवाय हवा सहा अंशांनी थंड झाली की नळ्यांचा सूर अर्धस्वराच्या सुमारे सहाव्या हिश्शाने उतरतो. सगळ्या नळ्या एकत्रच उतरत असल्याने एकटा ऑर्गन वाजताना कुणाच्या लक्षात येत नाही, पण सोबत कीबोर्ड वाजू लागला की ‘ऑर्गन बेसूर आहे’ असा शेरा मिळतो.

फोर्टमधील १७१८ साली सुरू झालेल्या सेंट थॉमस कॅथेड्रलसारख्या मोठ्या वास्तूंकडे अभ्यासकांचे लक्ष असते. कोपऱ्यातील चॅपेलच्या वाद्याकडे कोण बघणार? म्हणून तेथील विश्वस्तांना विनंती आहे की, एसीचा झोत दुसरीकडे वळवावा, पावसाळ्यात ओलावा शोषणारे यंत्र रोज चालू ठेवावे आणि ज्या तापमानात प्रार्थना होते त्याच तापमानात सूर लावून घ्यावेत. एक पावसाळा असा जाऊ द्यावा आणि मगच निर्णय घ्यावा. तोवर निदान धातूच्या नळ्या भंगारवाल्याला दाखवू नयेत. त्यातील कथील आणि शिसे त्याला लगेच ओळखू येईल.

आपला विश्वासू,
एक वाचक, गिरगाव