आरपार बघणाऱ्या नजरा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

एकटेपणावर पेपरात काही आलं की मी आधी त्याच्या सोबतचा फोटो बघतो. बहुतेक वेळा रिकामी खोली असते आणि खिडकीपाशी कोणीतरी पाठमोरं बसलेलं असतं. तसं एकटेपण असतंच, मी नाही म्हणत नाही, पण मला जे माहितीय ते सकाळी साडेआठचं आहे, भर गर्दीतलं, लोक खांदा घासून जात असतात तेव्हाचं. त्याचा फोटो काढला तर त्यात नुसती गर्दीच दिसेल. त्याबद्दल कोणी लिहीत नाही म्हणून मीच लिहितोय, पत्र जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

मधे माझी नोकरी गेली होती. दुसरं काम मिळेपर्यंत चार महिने मी एका रेल्वे स्टेशनच्या जिन्याखाली उभं राहून एका क्लासची हँडबिलं वाटली, सकाळी साडेसात ते अकरा आणि परत संध्याकाळी पाच ते साडेआठ. काम हलकं होतं असं लोकांना वाटतं, पायांना विचारा. पण पाय दुखणं वेगळं. पहिल्याच आठवड्यात मला एक गोष्ट कळली की कोणी नाही म्हटल्याचं वाईट वाटत नाही. कोणी हात हलवून नको म्हणायचं, कोणी तर चक्क खेकसायचं, तरी चालायचं, कारण खेकसायला सुद्धा समोर माणूस आहे हे आधी दिसावं लागतं. जे लोक सरळ माझ्याकडे बघत यायचे आणि बघता बघता त्यांची नजर माझ्या मागच्या भिंतीवर जाऊन थांबायची, म्हणजे मधे मी नाहीच, त्यांचा त्रास व्हायचा. एका सकाळी अशा शेकडो नजरा अंगावरून जातात. सुरुवातीला राग येतो, मग राग पण येईनासा होतो आणि माणूस आपोआप हात थोडा खाली धरायला लागतो, आवाज बारीक करतो, आणि मग तर अजूनच दिसेनासा होतो.

त्या शहरात मी नवीन होतो, रूमवर एकटा. शनिवार रविवार काम नसायचं. एकदा शुक्रवारी रात्री रूमवर आलो तो सोमवारी सकाळी जिन्याखाली उभा राहून पहिल्या माणसाला "घ्या ना सर" म्हणालो तेव्हा आवाज घोगरा फुटला, आणि मला कळलं की अडीच दिवस माझ्या तोंडातून शब्दच गेलेला नाही. अडीच दिवसांत मी बाहेर पडलो नव्हतो असं नाही, दोन्ही दिवस भरपूर चाललो, हजारो माणसं बघितली, पण बोलायचं कुठे कामच पडलं नाही, तिकीट मशीनमधून, सामान स्कॅन करून, पैसे मोबाईलवरून. त्याच दिवसांतली अजून एक गोष्ट सांगतो जी मी आजवर कोणाला सांगितली नाही. एका मोठ्या इमारतीचा सेन्सरचा दरवाजा मी जवळ गेल्यावर आपोआप उघडला आणि मला बरं वाटलं. मी आलेला कोणाला तरी कळलं असं वाटलं. घरी येऊन त्यावर खूप रडलो.

तेव्हा रात्री झोप यायची नाही म्हणून मोबाईलवर या विषयावर सापडेल ते वाचायचो, आणि त्यात मला जे मिळालं ते तुमच्या वाचकांपर्यंत जावं असं मनापासून वाटतं. अर्व्हिंग गॉफमन नावाचे समाजशास्त्रज्ञ होते, त्यांनी 1963 साली मांडलेला एक मुद्दा असा की अनोळखी माणसं समोरासमोर आली की क्षणभर एकमेकांकडे बघतात आणि मग नजर काढून घेतात. बघणं म्हणजे तू आहेस हे मला कळलं, आणि नजर काढून घेणं म्हणजे तुला त्रास द्यायचा माझा विचार नाही. दोन्ही मिळून ती एक सभ्यता आहे. हे वाचलं आणि मला माझ्या जिन्याखालचं गणित सुटलं. आपल्याकडे आता दुसरा अर्धा भाग शिल्लक आहे, पहिला गळालाय. कारण मान आधीच मोबाईलमध्ये असते, कानात इयरफोन असतात, त्यामुळे नजर काढून घ्यायची वेळच येत नाही, ती पडलेलीच नसते.

हे माझं मनाचं म्हणणं नाही. 2012 साली अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात एक प्रयोग केला होता, अगदी साधा. एक बाई समोरून चालत यायची आणि येणाऱ्या माणसाकडे एक तर नजर मिळवून बघायची, किंवा नजर मिळवून हसायची, किंवा तो हवा असल्यासारखं त्याच्या आरपार बघायची. ती पुढे गेली की दुसरं कोणीतरी त्या माणसाला थांबवून विचारायचं की तुम्हाला आत्ता इतरांपासून किती तुटल्यासारखं वाटतंय. ज्यांच्याकडे त्या बाईने नजर मिळवून बघितलं होतं त्यांना कमी तुटल्यासारखं वाटत होतं, आणि ज्यांच्या आरपार बघितलं त्यांना जास्त. एका अनोळखी बाईच्या एका सेकंदाच्या नजरेने! मग ज्याच्या आरपार रोज सकाळी पाचशे माणसं बघतात त्याचं काय होत असेल.

लोक वाईट असतात असं मी म्हणणार नाही, माझं तसं मत नाही. ते घाईत असतात. 1973 मध्ये प्रसिद्ध झालेला अमेरिकेतल्या प्रिन्स्टनचा एक प्रयोग आहे, डार्ली आणि बॅटसन या मानसशास्त्रज्ञांचा. धर्मशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांना एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत पाठवलं, वाटेत एक माणूस दारात वाकून खोकत कण्हत बसवलेला होता. ज्यांना वेळ भरपूर आहे असं सांगितलं होतं त्यांच्यातल्या 63 टक्के मुलांनी मदत केली, ज्यांना उशीर झालाय असं सांगितलं त्यांच्यातल्या फक्त 10 टक्क्यांनी. आणि त्यातले काही जण तर जखमी वाटसरूला मदत करणाऱ्याच्या गोष्टीवरच भाषण द्यायला चालले होते. हे वाचून मला लोकांवरचा राग सोडून देता आला. स्टॅन्ली मिलग्रॅम या मानसशास्त्रज्ञांनी 1970 साली असंच काहीसं लिहिलंय की मोठ्या शहरात डोळ्यांसमोर इतकं काही येतं की माणूस त्यातलं बरंचसं बंद करून टाकतो, नाहीतर चालताच येणार नाही. पटतं. पण बंद करता करता माणूसच बंद होतो ना.

आणि मी काही वेगळा नव्हतो. आधीच्या नोकरीत आमच्या मजल्यावर रोज एक बाई लादी पुसायच्या. सहा वर्षं. मी त्यांच्या ओल्या लादीवरून चालत गेलो असेन हजार वेळा, आणि आज मला त्यांचा चेहरा आठवत नाही, फक्त बादली आठवते. जिन्याखाली उभं राहिल्याशिवाय मला हे कधी कळलंच नसतं याची मला अजून लाज वाटते. वॉचमन, सफाईवाले, सामान पोचवणारे, हे लोक वर्षानुवर्षं हेच सोसतायत आणि माझे तर चारच महिने होते.

जागतिक आरोग्य संघटनेचा जून 2025 चा रिपोर्ट सांगतो की जगात दर 6 माणसांमागे 1 माणूस एकटेपणाने त्रासलाय, आणि एकटेपणाशी जोडलेले मृत्यू वर्षाला 8,71,000 च्या वर आहेत, म्हणजे तासाला साधारण 100. त्यातच हेही आहे की 13 ते 29 वयाच्या मुलामुलींमध्ये 17 ते 21 टक्के जणांनी एकटं वाटतं असं सांगितलं. ही मुलं रिकाम्या खोलीत नाहीयेत हो, कॉलेजात आहेत, ट्रेनमध्ये आहेत, ग्रुपमध्ये आहेत. ब्रिटनने 2018 साली आणि जपानने 2021 साली या विषयासाठी मंत्री नेमला. मंत्री नेमून काय होतं ते मला सांगता येणार नाही, पण निदान ही त्या माणसाची खाजगी उणीव आहे, त्याने जरा मिसळायला शिकावं, एवढ्यावर विषय संपत नाही हे तरी मान्य झालं. मला तर सगळ्यांनी हाच सल्ला दिला, जरा मिसळत जा. कोणात मिसळू, कोणी थांबतच नाही.

त्यात एकटेपणाची अजून एक वाईट खोड असते. एकटेपणाचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ जॉन कॅसिओपो यांचं म्हणणं होतं की एकटेपण हे भुकेसारखं आहे, शरीर सांगत असतं की माणसं शोध. पण ते फार दिवस राहिलं तर मन उलट सावध होतं, सगळीकडे नकारच दिसायला लागतो. माझं तेच झालं होतं. कोणी दोन माणसं हसली की मला हसतायत, एखादा फोनवर बोलत बाजूने गेला की मला टाळतोय. म्हणून एकट्या माणसालाच पुढे हो, बोल, म्हणणं चुकीचं आहे असं माझं ठाम मत आहे. ज्याच्या मनाला त्या वेळी जखम नाही त्याने आधी बघावं. आणि समोरच्याला आवडणार नाही ही भीती बहुतेक खोटी असते, शिकागोतल्या एका अभ्यासात (2014) रोजच्या ट्रेनच्या प्रवाशांना अनोळखी माणसाशी बोलायला सांगितलं होतं, लोकांना वाटलेलं प्रवास बेकार जाईल, प्रत्यक्षात बोलले त्यांचाच प्रवास जास्त चांगला गेला.

माझी मागणी लहान आहे. जिथे जिथे मशीन बसवताय तिथे एक खिडकी माणसाची राहू द्या, रांग लागली तरी चालेल. गर्दीच्या जागी बसायला बाकडी असू द्या, कारण बसलेला माणूस दिसतो, उभा असलेला सगळ्यांच्या वाटेत येतो. आणि ज्यांच्याकडून तुम्ही रोज काहीतरी घेता किंवा ज्यांना नको म्हणता, त्यांना ते तोंडाकडे बघून म्हणा.

आता एक शेवटचं, ज्यासाठी खरं तर मी हे लिहायला बसलो. रोज सकाळी आठ पस्तीसच्या सुमाराला एक वयस्कर गृहस्थ जिना उतरायचे, काखेत तपकिरी रंगाची फाईल, डावा पाय जरा जपून टाकायचे. पहिल्या दिवशी त्यांनी हँडबिल घेतलं. दुसऱ्या दिवशी घेतलं नाही, पण मान हलवली, काल घेतलंय अशा अर्थाने. म्हणजे मी त्यांच्या लक्षात राहिलो होतो. मग रोजच मान हलवायला लागले, मीही. कधी एक शब्द बोललो नाही. मिलग्रॅम यांनी अशा माणसांनाही नाव दिलंय, ओळखीचा अनोळखी, रोज दिसतो पण ओळख नसते. मधे मला ताप आला, मी पाच दिवस गेलो नाही, सहाव्या दिवशी ते जिन्यावरच थांबले, लोक मागून धडकत होते तरी थांबले, आणि म्हणाले, "बरं नव्हतं का?" मला उत्तरच देता येईना, मी नुसती मान हलवली. माझे आईवडील सोडले तर मी पाच दिवस नव्हतो हे जगात एकाच माणसाला कळलं होतं.

नंतर साधारण तीन आठवड्यांनी ते दिसेनासे झाले. मी रोज आठ पस्तीसला वर बघायचो. कोणाला विचारणार, नाव माहीत नाही, कुठे काम करतात माहीत नाही, तपकिरी फाईलवाले काका कुठे गेले असं कोणाला विचारता येतं. मग मला दुसरीकडे काम मिळालं आणि मीही तिथून गेलो.

काका, तुम्ही पेपर वाचत असाल आणि हे तुमच्या नजरेला पडलं तर, जिन्याखालचा तो मुलगा बरा आहे, कामाला लागलाय. तुम्हाला बरं नव्हतं का?

आपला,
एक वाचक
(नाव छापू नये ही विनंती)