गिरजाची धून आणि अमळनेरचे मास्तर

आदरणीय मास्तर,

साष्टांग नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागले की तुम्ही "असू दे, माय" म्हणता आणि विषय जेवणावर नेता. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांना वाचता येईल असं. आमच्या गेमच्या शेवटी नावांची यादी येते, तिच्यात 'क्लॅरिनेट' या शब्दापुढे तुमचं नाव एका ओळीत येईल. तुम्ही जे केलंत ते त्या ओळीत मावत नाही.

वाचणाऱ्यांना थोडं सांगायला हवं. तुम्ही अमळनेरचे बॅन्डमास्तर, लग्नाच्या वरातीत क्लॅरिनेट वाजवणारे. जळगावची आम्ही चार मंडळी नोकऱ्या सांभाळून एक रोल-प्लेइंग गेम तयार करतोय. खेळणारा एका पात्राच्या अंगात शिरतो, त्याच्या वतीने बोलतो, लढतो, निर्णय घेतो. आमचं मुख्य पात्र गिरजा, एक नावाडीण. पुरात तिचा भाऊ गेला, पण तिने नाव सोडली नाही. तिची नदी कल्पनेतली असली तरी तापीसारखी पश्चिमेला वाहते आणि तिचे काठही तसेच उंच, मातीचे, घळी पडलेले आहेत. गिरजाची धून वाद्यवृंदाची हवी होती: व्हायोलिन, चेलो, हॉर्न, ट्रम्पेट, सगळा ताफा. तो ताफा माझ्या कॉम्प्युटरमध्ये आहे. लंडनच्या मेडा व्हेल स्टुडिओत बीबीसी सिम्फनी ऑर्केस्ट्राच्या वादकांकडून एकेक सूर वाजवून घेऊन ते सॉफ्टवेअर तयार झालंय, आणि त्याची लहान आवृत्ती फुकटातही मिळते. म्हणजे वाद्यं हाताशी होती. बाई सापडत नव्हती.

मी धून आणली तेव्हा तुम्ही राग विचारला नाहीत, आनंदी हवी की दुःखी हेही नाही. विचारलंत, "ही बाई चालते कशी?"

मी म्हटलं, वल्हं खांद्यावर असतं, आणि दिवसभर नावेत उभी राहते म्हणून जमिनीवरही जरा झुलत चालते. तुम्ही कप खाली ठेवलात आणि अंगणात चालायला लागलात. एक पाऊल लांब, दोन आखूड. हाताने टाळी, तोंडाने ठेका. तीन-दोन-दोन, सात मात्रा, रूपक ताल. दोन फेऱ्या झाल्यावर थांबून मला पायांकडे बघायला लावलंत. आवर्तनात पावलं तीनच पडतात, त्यामुळे एका आवर्तनाची सुरुवात उजव्या पायाने होते, पुढच्याची डाव्याने. वजन आपोआप या अंगावरून त्या अंगावर जातं. चेलो आणि डबल बास आज त्या तीन पावलांवरच तारा छेडतात, आणि गिरजा पडद्यावर येण्याआधी ती चालत येते आहे हे कळतं. आमच्या चित्रकाराने तर हे ऐकून तिची चालण्याची हालचाल नव्याने काढली.

मग श्वास. कॉम्प्युटरमधल्या क्लॅरिनेटला फुप्फुसं नसतात, पट्टीवर बोट ठेवलं की सूर हवा तितका वेळ चालू राहतो. तुम्ही कागदावरची ओळ ओठ हलवत वाचलीत आणि म्हणालात, "आठे दम कोठे लेवाना, माय?" पेन्सिलीने ओळीच्या डोक्यावर स्वल्पविराम काढलात, श्वासाची खूण म्हणून. त्या खुणेपाशी दुसऱ्या आवर्तनाची शेवटची मात्रा रिकामी झाली. ती जागा मी फ्रेंच हॉर्नला दिली, दोनच सूर, लांबून आल्यासारखे. ते तिच्या भावाचे आहेत. पुरानंतरच्या प्रसंगात हॉर्न वाजत नाही. क्लॅरिनेट तिथेच श्वास घेतं, आणि त्या जागी कोणी उत्तर देत नाही. चाचणीला बसलेल्या मुलांना यातलं काही सांगितलेलं नव्हतं. त्यातला एकजण त्या प्रसंगात खेळ थांबवून हळूच म्हणाला, "इथे काहीतरी कमी झालंय." मास्तर, माझ्यासाठी संपूर्ण धूनच त्या रिकाम्या मात्रेत आहे.

धून दुर्गा रागावर आहे: सा, रे, म, प, ध. गंधार नाही, निषाद नाही. वाद्यवृंदात इथेच अडचण येते. पाश्चात्त्य पद्धतीच्या साध्या कॉर्डमध्ये, म्हणजे एकदम वाजणाऱ्या सुरांच्या जोडणीत, सा आणि प यांच्यामध्ये गंधार असतोच, आणि तो खालून वाजला की दुर्गा दुर्गा राहत नाही. व्हायोलिनना फक्त सा आणि प धरायला लावू का, असं विचारल्यावर तुम्ही म्हणालात, "लावा. आणि गंधार राखून ठेवा, एकदाच द्या." तो आता खेळाच्या अगदी शेवटी येतो. कुठे, ते इथे लिहीत नाही.

पट्टीचा किस्सा तर प्रत्येक नव्या संगीतकाराला कळावा. मी सा पांढरी तीनवर, म्हणजे पेटीच्या तिसऱ्या पांढऱ्या पट्टीवर, धरला होता, कारण माझा आवाज तिथे बसतो. तुमचं क्लॅरिनेट बी-फ्लॅटचं. त्यावर सी वाजवला की पेटीवरची काळी पाच ऐकू येते. माझा सा मिळवायला तुम्हाला एफ-शार्पपासून निघावं लागत होतं आणि पाच स्वरांतले चार शार्प, म्हणजे अर्ध्या सुराने चढे, पडत होते. तुम्ही तसंही वाजवलंत, कुठेही न अडखळता, आणि मग म्हणालात की काळी दोनवर घेतलंस तर बोटं मोकळी राहतील, ट्रम्पेटवाल्यांचीही. अर्धा सूर खाली उतरल्यावर एका फ्लॅटमध्ये, म्हणजे एकाच उतरलेल्या सुरात, सगळं बसलं.

पण माझ्या मनात राहिलाय तो मध्यम. काळी दोनला सा धरला की दुर्गाचा म तुमच्या वाद्याच्या अशा सुरावर येतो, जो जवळजवळ सगळी भोकं उघडी ठेवून निघतो आणि म्हणून थोडा पोकळ, घोगरा लागतो. त्याच्या पुढचा प मात्र जवळजवळ सगळी बोटं मिटल्याशिवाय मिळत नाही. काठावरून नावेत पाय टाकताना अंग सावरावं लागतं, तसं तिथे सावरावं लागतं. तुम्ही म वाजवतानाच उजव्या हाताची बोटं आधीच खाली ठेवून दाखवलीत, म्हणजे प अलगद येतो. सॉफ्टवेअरमध्ये हे दोन्ही सूर घासून सारखे केलेले आहेत. तुमच्या म मध्ये थोडी हवा मिसळते, आणि गिरजा दिवसभर वल्हं मारून थकलेली आहे हे त्या हवेतून ऐकू येतं. म्हणून बाकी सगळा वाद्यवृंद कॉम्प्युटरचा असला तरी क्लॅरिनेट तुमचंच हवं, असा हट्ट मी धरला.

आणि वरात. गेमच्या संगीतापुढे एक पेच कायम असतो. खेळणारा नदीकाठी किती वेळ रेंगाळेल आणि शत्रू कधी समोर येईल हे संगीतकाराला आधी माहीत नसतं. धून फिरत राहिली पाहिजे, आणि वेळ आली की कुठूनही लढाईत शिरता आलं पाहिजे. हे सांगताना मी आकृत्या काढत होते. तुम्ही म्हणालात, "म्हणजे वरातच की." चौकात नाचणारे हलत नाहीत तोवर बॅन्ड तेच कडवं फिरवत राहतो, त्यांनी पाय उचलला की मास्तर हात वर करतो, साइड ड्रमवाला आवर्तन संपता संपता तोडा देतो आणि सगळे एकदम पुढच्या चालीत उतरतात. कुठेही तुटल्यासारखं वाटत नाही. मी तेच केलंय. प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी बाहेर पडायची वाट ठेवली आहे आणि त्या वाटेवर साइड ड्रमचा सात मात्रांचा तोडा आहे. तुमचा वर जाणारा हात म्हणजे आता एफमॉड नावाच्या प्रणालीतली एक सूचना आहे. लढाईत धून तीच राहते, लय वाढते आणि ट्रम्पेट वरच्या सप्तकात जातात. वरातीत जी चाल वाजते तीच पाठवणीला संथ, खालच्या सुरात वाजवली की मांडवातली माणसं रडतात, हे तुम्ही वाजवून पटवलंत. भावाच्या प्रसंगासाठी मग मला वेगळी धून लागली नाही.

वाद्यवृंद शिकायचा तर पुणे-मुंबई गाठा, असं सांगणारे मला पुष्कळ भेटले. कुठलं वाद्य कुठून कुठवर वाजतं हे पुस्तकात मिळतं. धुनीतून बाहेर कसं पडायचं हे मला अमळनेरला, बोरी नदीकाठी कळलं. आपल्याकडे गावोगाव बॅन्ड आहेत, पण आता त्यांच्या गाडीवर की-बोर्ड, ऑक्टोपॅड आणि स्पीकरच्या भिंती असतात, आणि क्लॅरिनेटवाल्याला बोलावणं येत नाही. याचं मला वाईट वाटतं. खान्देशात जी पोरं घरबसल्या संगीत करतात त्यांनी आपापल्या गावच्या जुन्या बॅन्डवाल्यांकडे जावं, त्यांना मानधन द्यावं आणि समोर वही घेऊन बसावं.

रेकॉर्डिंगचा दिवस काकूंशिवाय पार पडला नसता. वैशाखातलं ऊन, आणि पंख्याचा आवाज नको म्हणून पंखा बंद. भिंतींना कापसाच्या गाद्या टेकवून खोलीचा घुमारा मारायची कल्पना काकूंचीच. ओला टॉवेल, माठातलं पाणी आणि वर कळण्याची भाकरी, ठेचा. उन्हाने रीड, म्हणजे क्लॅरिनेटच्या तोंडाशी बसणारी वेताची पातळ पट्टी, वाळत होती, म्हणून तुम्ही दोन टेकच्या मध्ये ती जिभेवर धरून गप्प बसायचात, आणि मी काही विचारलं तर बोटांनी मात्रा मोजून उत्तर द्यायचात. काकूंना माझा वेगळा नमस्कार सांगा.

आता खलनायकाची पाळी आहे, घाटाचा ठेकेदार. त्याला युफोनियम, म्हणजे खालच्या, भरदार आवाजाचं पितळी वाद्य, आणि मोठा ढोल द्यावा असं मनात आहे. युफोनियम वाजवणारे तुमचे मित्र धरणगावला असतात म्हणालात. लग्नसराई उरकली की त्यांच्याकडे जाऊ, गाडी मी आणते. तुमच्यासाठी नव्या रीड मागवते आहे, दोन नंबरच्या हव्यात की अडीचच्या, तेवढं कळवा.

आपली नम्र,
गिरजाची धून बांधणारी,
जळगाव