शफलबॉटमची दरी

महोदय,

इंग्लंडमधलं 'शफलबॉटम' हे आडनाव ऐकून हसू येतंच; मलाही आलं. पण त्यातल्या 'बॉटम'चा बुडाशी काही संबंध नाही. जुन्या इंग्रजीत हा शब्द दरीच्या सखल तळासाठी होता. लँकाशायरमध्ये बरी गावाजवळच्या शिपरबॉटम या जागेवरून, म्हणजे मेंढ्यांच्या झऱ्याच्या दरीवरून, हे नाव पडलं. आपल्या 'कर' लागलेल्या आडनावांसारखंच म्हणा ना! बोलता बोलता शिपरचं शफल झालं. रॅम्सबॉटम, विंटरबॉटम ही त्याचीच भावंडं. मात्र चेष्टेला कंटाळून काहींनी आडनाव बदललं, तर काहींनी नुसतं स्पेलिंग फिरवून 'शफलबोथम' केलं. १८८१च्या जनगणनेनंतर तिथली माणसं वाढली, शफलबॉटम मात्र घटले.

— एक वाचक, सातारा