अंगकोरची तिकिटं काढली आहेत

तीर्थस्वरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

फोनवर सांगितलं असतं तर बाबांनी "बघू" म्हणून विषय मिटवला असता, म्हणून लिहितेय. जानेवारीची कंबोडियाची तिकिटं काढली आहेत. सिएम रीप, म्हणजे अंगकोरचं गाव, जिथे जुन्या ख्मेर राजांनी बांधलेली देवळं आहेत. तुम्ही दोघं, आम्ही दोघं आणि चिनू.

केदारनाथ अजून तुमच्या मनात आहे हे मला कळतं. पण ते साडेतीन हजार मीटरच्या वर, आणि डॉक्टरांनी बाबांना उंचीच नको म्हटलंय. इथे सगळा सपाट भातशेतीचा मुलूख. जानेवारीत पाऊस नाही, दुपारी तिशीच्या आसपास ऊन, पहाटे गार. यात्रा कंपनीबरोबर पाठवलं असतं, पण ते लोक पहाटे साडेचारला उठवून एका दिवसात तीन मोठी देवळं उरकतात. मग "सगळे आपल्यासाठी थांबलेत" म्हणून बाबा धापा टाकत पुढे जाणार. तुळजापूरला झालं तेवढं पुरे.

पैशांचं बोलू नका, बाबा. देवळं बघायचा एक दिवसाचा पास 37 डॉलर आणि तीन दिवसांचा 62. तो दहा दिवसांत कुठल्याही तीन दिवशी वापरता येतो, म्हणजे मधे आराम करता येईल. चिनू बारा वर्षांखालचा, त्याला तिकीट नाही, फक्त पासपोर्ट दाखवायचा. पासवर तुमचा फोटो असतो आणि जागोजागी तपासतात. तो गळ्यातल्या पिशवीत ठेवायचा. शर्टाच्या खिशात अजिबात नाही.

खोली तळमजल्यावर मागितली आहे. कमोड आहे, शेजारी जेट स्प्रे आहे (तिकडे घरोघर असतो, आई, काळजी करू नकोस), न्हाणीघरात पकडायला दांडी आहे आणि पाणी तापवायला किटली. चहा पावडर, साखर, दुधाची पावडर मी आणते. तू फक्त आल्याची सुंठ घे आणि मेतकूट. भात तिकडे मुबलक, त्यामुळे मेतकूट-भातावर कुठलीही रात्र निघेल. बॉबॉर नावाची पेज मिळते, पण ती बहुधा कोंबडीच्या नाहीतर डुकराच्या रश्शात शिजवतात, तेव्हा विचारल्याशिवाय घ्यायची नाही. नुसत्या भाजीतही माशांचा सॉस पडतो, त्यांना तो मांसाहार वाटतच नाही. गावात भारतीय खानावळी आहेत, रात्रीचं जेवण तिथेच. बांबूच्या नळीत भाजलेला नारळाच्या दुधातला चिकट भात मात्र तुला आवडेल, त्याला क्रोलान म्हणतात. दोन घास, जास्त नाही. रस्त्याकडेला मोठ्या कढयांतून ताडाचा गूळ आटवत असतात, तो हातात घेऊन बघायचा, तोंडात टाकायचा नाही.

पहिल्या दिवशी बांते स्रेई. सन 967 चं शिवमंदिर, गुलाबी दगडाचं, छोटं, जवळजवळ सपाट. उंबरे तेवढे उंच आहेत. कैलास हलवणारा रावण तिथे कोरलाय. सकाळी साडेसातला उघडतं, तेव्हाच जायचं. दहानंतर बसेस भरून लोक येतात आणि त्या चिंचोळ्या दारांतून हलता येत नाही.

अंगकोर वाट दुसऱ्या दिवशी, आणि पूर्वेच्या दाराने. सगळे पश्चिमेकडून जातात, कारण मंदिराचं तोंडच तिकडे आहे. पण तिकडून 190 मीटर रुंदीचा खंदक आणि आत आणखी 350 मीटरचा दगडी रस्ता, सगळा उन्हात. पूर्वेला झाडीतली मातीची वाट आहे. आत शिरून डावीकडे वळलं की समोरच भिंतीवर कोरलेलं समुद्रमंथन, जवळजवळ पन्नास मीटर लांब, मधे विष्णू आणि खाली कूर्म. तसंच पुढे गेलं की यम आणि चित्रगुप्त, मग हे मंदिर बांधणाऱ्या सूर्यवर्मन राजाचं सैन्य, मग कुरुक्षेत्र (शरशय्येवरचे भीष्म आई शोधेलच), शेवटी लंकेचं युद्ध. हे सगळं छताखाली, सावलीत. शिवाय देव उजव्या हाताला राहतो, म्हणजे आपसूक प्रदक्षिणा होते. चित्रांचा मूळ क्रम खरं तर उलटा, अपसव्य आहे. त्यावरून काही अभ्यासक याला राजाचं समाधिमंदिर मानतात. आपण आपली प्रदक्षिणाच घालू. टुकटुकवाल्याला आधीच बजावायचं, सोडायचं पूर्वेला आणि न्यायला यायचं पश्चिमेला. नाहीतर तो सोडलं तिथेच उभा राहतो आणि आपण भलत्या दारात.

बाबा, आता रागावू नका. मधल्या शिखरांकडे जाणारा जिना जवळपास शिडीसारखा उभा आहे. वरच्या दगडी पायऱ्यांवर लाकडी जिना बसवलाय, पण चढापेक्षा उतरताना गुडघे जातात. तिथे तुम्ही जायचं नाही. चिनूलाही बारा वर्षांखालचा म्हणून वर सोडत नाहीत, आणि त्याच्याजवळ खाली कुणीतरी विश्वासाचं माणूस हवं. गोष्टी सांगत बसवून ठेवायला तुमच्याइतकं कुणाला जमतं? मला दत्तजयंतीच्या गर्दीत जसं धरून ठेवायचात, तसंच धरा.

तिसऱ्या दिवशी सकाळी बायोन, म्हणजे दगडी चेहऱ्यांच्या शिखरांचं देऊळ, नंतर ता प्रोम. झाडांची मुळं भिंतींवर उतरलीत ते हेच. आपल्या पुरातत्त्व खात्याने तिथे बरीच डागडुजी केली आहे, आणि चालायला लाकडी फळ्यांची वाट आहे. सातव्या जयवर्मन राजाने ते 1186 मध्ये आईच्या नावाने बांधलं, आणि पाच वर्षांनी प्रेआ खान हे देऊळ वडिलांच्या. पायांत जोर उरला तर तेही बघू, नाहीतर खोलीवर झोपा काढू.

विमानतळावर व्हीलचेअर सांगितली आहे. तुम्ही म्हातारे झालात म्हणून नाही. बँकॉकला विमान बदलताना फार चालावं लागतं, एवढंच. सिएम रीपचा नवा विमानतळही गावापासून तासाभरावर आहे, गाडी ठरवली आहे. आई, इन्सुलिन हातातल्या बॅगेत, मोठ्या बॅगेत ठेवलं तर विमानात गोठू शकतं. डॉक्टरांची चिठ्ठी औषधाच्या मूळ नावासकट लिहून घे, आणि घड्याळ दीड तास पुढे असेल तर डोस कधी घ्यायचा ते डॉक्टरांना आत्ताच विचार. साडीचा हट्ट नको, पंजाबी ड्रेस आणि बंद बूट. विम्याच्या फॉर्ममध्ये बाबांचं बीपी लिहायचंच. तिकडे मोठं दुखणं निघालं तर बँकॉकला हलवावं लागतं आणि लपवलेल्या आजाराचे पैसे कुणी देत नाही. डॉलरच्या नोटा मी आणीन, कोऱ्या. जरा फाटकी असली तरी तिकडे घेत नाहीत.

व्हिसासाठी दोघांच्या पासपोर्टच्या पहिल्या पानाचा फोटो रविवारपर्यंत पाठवा. चारही कोपरे दिसले पाहिजेत आणि वर ट्यूबलाइटची चमक नको. शेजारच्या सोनूकडून काढून घ्या, बाबांचा हात हलतो.

तुमची,
ताई