जपानी शाळेत रुजू होण्याआधी

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

एप्रिलमध्ये, म्हणजे तिथलं शालेय वर्ष सुरू होतानाच, तू रुजू होतेस, ते बरं झालं. तुला एक प्राथमिक आणि एक माध्यमिक शाळा मिळाली आहे. दोन्हीकडे तू एएलटी, म्हणजे सहायक भाषाशिक्षिका. गुण, शिस्त, अभ्यासक्रम हे जपानी शिक्षकांचं काम. उच्चार, संभाषण आणि खेळ तुझ्याकडे. बहुतेक घोळ या वाटणीतच होतात. शिक्षकांना वाटतं तास तू आखून आणशील, तुला वाटतं ते सांगतील, आणि प्राथमिकच्या 45 मिनिटांतली पहिली दहा अशीच जातात.

म्हणून तासाआधी पाच मिनिटांची बोलणी, 'उचिआवासे', आवर्जून मागून घे. विचारायचं एवढंच: पुस्तकाचं पान कुठलं, नवं वाक्य कोणतं, आणि मी नेमकं कधी बोलायचं. शिक्षकांना सवड नसेल तर आदल्या दिवशी अर्ध्या पानावर योजना लिहून त्यांच्या टेबलावर ठेव. पुण्यात शिकलेलं तुझं जपानी त्याला पुरेल. प्राथमिकला हे जास्त गरजेचं, कारण तिथे इंग्रजी बऱ्याचदा वर्गशिक्षकच घेतात आणि अनेकांना ते अवघड वाटतं. 2020 पासून पाचवी-सहावीला इंग्रजी हा रीतसर विषय झाला, वर्षाला 70 तास. तिसरी-चौथीला 35 तास, तेही ऐकण्या-बोलण्यापुरते. त्यांच्याकडून लिहून घेण्याची घाई करू नकोस.

माध्यमिकचा वर्ग प्रश्न विचारला की गप्प बसेल. मुलांना येत नसतं असं नाही, सगळ्यांसमोर चुकायचं नसतं. आधी अर्धा मिनिट शेजाऱ्याशी बोलू दे, मग नाव घेऊन विचार. नकारार्थी प्रश्न टाळ. 'डोन्ट यू लाइक मिल्क?' असं विचारलंस तर मूल 'येस' म्हणेल आणि त्याला म्हणायचं असेल, 'हो, नाही आवडत.' आपणही मराठीत असंच बोलतो, म्हणून ही चूक तुझ्या चटकन लक्षात येईल. जपानीतही क्रियापद शेवटी येतं, 'ए' आणि 'द' नसतात. मुलं कुठे अडतील याचा अंदाज तुला इंग्रजी मातृभाषा असलेल्या सहकाऱ्यापेक्षा लवकर येईल. हा तुझा खरा फायदा आहे, तो वापर.

उच्चारात मोठी अडचण म्हणजे व्यंजनामागे स्वर जोडण्याची सवय: 'मिल्क'चं 'मिरुकु' होतं. नुसतं 'माझ्यामागे म्हणा' करून ते सुटत नाही. टाळ्या वाजवून घे: 'मिरुकु'ला तीन टाळ्या, 'मिल्क'ला एकच. कानाला फरक कळला की जीभ मागून येते. स्पेलिंग मात्र तुलाच बदलावं लागेल; तिथली पुस्तकं अमेरिकन पद्धतीची, तेव्हा फळ्यावर 'कलर' लिहिताना 'यू' गाळ.

वह्या तपासताना फार जप. तिथे बरोबर उत्तराला लाल गोल काढतात, आणि आपली बरोबरची खूण तिथे चुकीसाठी वापरतात. सवयीने खुणा करत गेलीस तर पूर्ण बरोबर सोडवलेलं मूल रडवेलं होईल. कुणाचं नाव लाल शाईने लिहू नकोस, ते अशुभ मानतात.

दारात बाहेरचे बूट काढून आतले घालायचे असतात. स्वच्छ, न घसरणारा जोड इथूनच घेऊन जा. तिथे मोठ्या मापाचे बायकांचे बूट सहज मिळत नाहीत. शिक्षकखोलीत शिरताना सगळ्यांना ऐकू जाईल असं 'ओहायो गोझाइमास' म्हण, निघताना 'ओसाकी नि शित्सुरेइ शिमास'. आजारी असलीस तर शाळा भरण्याआधी उपमुख्याध्यापकांना, 'क्योतो-सेन्सेईं'ना, फोन कर.

आता जेवण. 'क्यूशोकु', म्हणजे शाळेतलं जेवण, सगळ्यांना एकच: भात किंवा पाव, एक-दोन पदार्थ, सूप आणि 200 मिलिलिटर दूध. मुलंच पांढरे अंगरखे घालून वाढतात, तू त्यांच्यासोबत वर्गात जेवायचं. आपल्यासारख्या शाकाहारी माणसाला अडचण सुपापासूनच सुरू होते: मिसो सुपातली 'दाशी', म्हणजे सूप ज्यावर करतात ते पाणी, बहुधा सुकवलेल्या माशाची असते. करीच्या तयार मसाल्यात प्राण्यांची चरबी सापडते, आणि भाजीतही डुकराच्या मांसाचे तुकडे असतात. 'मी मांस खात नाही' एवढ्याने भागणार नाही; मासे, दाशी, चरबी असं एकेक नाव घेऊन सांग. वेगळं ताट मिळेल असं धरून चालू नकोस. सरळ 'डबा आणते' म्हण, आणि तेही महिना सुरू होण्याआधी, कारण जेवणाची संख्या आधीच कळवलेली असते. डबा घेऊन वर्गातच बस. मुलं खरं बोलतात ती तिथेच, तासाला नाही.

जेवणानंतर साफसफाई. फडकं घेऊन तूही लाग, नुसती उभी राहू नकोस.

मार्चअखेर शिक्षकांच्या बदल्या होतात. ज्यांच्याशी तुझं जमलेलं असेल तेच जाऊ शकतात, म्हणून कोणत्या वर्गात काय चाललं, काय फसलं ते वहीत लिहीत जा. नव्या शिक्षकांना तीच दाखवता येईल.

महिन्याचा जेवणाचा कागद, 'कोन्दातेह्यो', हाती आला की फोटो पाठव. पदार्थ वाचून कोणत्या दिवशी काय चालेल ते मी कळवते. तिथे संध्याकाळचे साडेचार म्हणजे इथे दुपारचा एक, तेव्हा मी मोकळीच असते.

तुझी,
आई